लोखंडाची अंगठी : सहरावी समाजातील लग्न, खर्च आणि जात

१

गरिबाने लग्न ठरवताना अंगठी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा नाही. तो सराफाचा आहे, फार तर दोन घरांतल्या वडीलधाऱ्यांचा. परंतु ज्या समाजाची भूमी परक्यांनी बळकावली आहे, ज्याचे लाखाहून अधिक लोक पन्नास वर्षे दुसऱ्या देशाच्या वाळवंटात तंबूंत आणि मातीच्या खोल्यांत राहत आहेत, मिळेल त्या शिध्यावर जगत आहेत, त्या समाजातला तरुण हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याचे स्वरूप बदलते. परंपरा पाळायची आणि खिशात पैसा नाही, अशा कात्रीत तो सापडलेला असतो. मग परंपरा म्हणजे नेमके काय, ती कोणी घडवली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे तपासावेच लागते. हे तपासणे इतिहासाचे काम आहे.

हा समाज म्हणजे पश्चिम सहारातील सहरावी लोक. मोरोक्कोच्या दक्षिणेस आणि मॉरिटानियाच्या उत्तरेस, अटलांटिक महासागराच्या काठी त्यांचा प्रदेश आहे. त्यांची भाषा हस्सानिया अरबी. मॉरिटानियातील बहुसंख्य लोकही हीच भाषा बोलतात आणि दोन्हीकडची जुनी समाजरचना बरीचशी एकच आहे. म्हणून पुढील विवेचनात मॉरिटानियाचे दाखले येतील.

सहरावी लोक सुन्नी मुसलमान आहेत. इस्लामी परंपरेत एक प्रसिद्ध कथा आहे. एका निर्धन माणसाला लग्न करायचे होते, पण मेहेर म्हणून देण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नव्हते. शोधून पाहा, निदान लोखंडाची एखादी अंगठी तरी मिळते का, असे पैगंबरांनी त्याला सांगितले. तीही त्याला मिळाली नाही. तेव्हा कुराणाचे जे अध्याय त्याला पाठ होते, त्यांच्यावरच त्याचे लग्न लावून देण्यात आले. सहरावी लोक ज्या मालिकी पंथाचा कायदा मानतात, त्याच्या शास्त्रकारांनी पुढे मेहेराची किमान मर्यादा ठरवली : पाव दिनार सोने किंवा तीन दिरहम चांदी. जुन्या दिरहमाचे वजन जेमतेम तीन ग्रॅम होते. म्हणजे सगळी मिळून नऊ ग्रॅम चांदी, आपल्या जुन्या मापाने पाऊण तोळा. एवढ्या चांदीत एक जाडजूड अंगठी होते.

मेहेर आणि लग्न ठरवतानाची अंगठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेहेर हा वधूचा कायदेशीर हक्क, तर अंगठी ही भेट. परंतु मेहेरालाच जर पाऊण तोळा चांदी पुरत असेल, तर भेटीच्या अंगठीला त्याहून अधिक लागते असे धर्माच्या नावाने कोणालाही म्हणता येणार नाही. स्वस्त अंगठी परंपरेला सोडून आहे, हा आक्षेप येथेच निकालात निघतो.

२

मग महाग अंगठी आली कोठून? लग्न ठरवण्याचा स्वतंत्र विधी म्हणून मुलीच्या बोटात अंगठी घालणे ही वाळवंटातली जुनी चाल नव्हे. ती शहरांतून आणि बाहेरच्या जगातून आली. जुनी चाल अशी की वराकडची माणसे मुलीच्या घरी जात, शब्द मागत आणि पुढे ऐपतीप्रमाणे भेटी घेऊन येत : उंट, कापड, साखर, चहा, अत्तर, दागिने. मुलीकडचे लोक तंबू आणि आतले सामान देत. तंबूला त्यांच्या भाषेत खैमा म्हणतात. आपल्या मराठीतला खेमा हा त्याच अरबी शब्दाचा वंशज. तो तंबू बाईचा असे. नवऱ्याशी पटले नाही तर बाहेर पडायचे ते नवऱ्याने. घटस्फोट झालेल्या बाईला तेथे कमीपणा येत नाही, तिचे पुन्हा लग्न होते. लग्नाच्या करारात ‘आधीची बायको नाही आणि पुढेही दुसरी करायची नाही’ अशी अट घालण्याची रीतही या समाजात रूढ आहे.

अशा फिरत्या जीवनात दागिन्याला विशेष अर्थ होता. जमीन कोणाच्याच मालकीची नव्हती, कळप दुष्काळात मरत. बाईच्या अंगावरची चांदी मात्र तिच्याबरोबर चालत असे. पायातले जड वाळे, हातातल्या पाटल्या, केसांत गुंफलेले मणी आणि शंख-शिंपले, बोटांतल्या अंगठ्या हे सर्व तिचे स्वतःचे धन होते. अडचणीत ते मोडता येई, मुलीच्या लग्नात पुन्हा वितळवून नवे घडवता येई. वाळवंटात चांदी खाणीतून येत नव्हती. व्यापारात हाती आलेली नाणी आणि जुने दागिने मुशीत वितळवूनच नवा दागिना घडे. पैगंबरांची स्वतःची मुद्रेची अंगठी चांदीची होती, पुरुषाला सोने निषिद्ध मानले जाते, त्यामुळे पुरुषाच्याही बोटात चांदीच असे. चांदीला तेथे प्रतिष्ठा होती.

साखरपुड्याला मौल्यवान खड्याची अंगठी हवीच, ही समजूत तर अगदी अलीकडची. डी बिअर्स या हिरे कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत केलेल्या जाहिरातींनी ती जगभर रुजवली. हिरे आफ्रिकेच्या मातीतले, ते काढणारे मजूर आफ्रिकी, आणि त्या अंगठीवाचून प्रेम अपुरे आहे असे पटवणारे मात्र दुसरेच. आज आफ्रिकेतल्याच एका निर्वासित तरुणाला ती अंगठी परवडत नाही म्हणून खालमानेने वावरावे लागावे, यातला अन्याय वेगळा सांगायला नको.

३

आतापर्यंत आपण अंगठी देणाऱ्याचा आणि घेणारीचा विचार केला. ती घडवणाऱ्याचा केला नाही. परंपरेवरची पुस्तकेही बहुधा येथेच थांबतात. आपल्याला थांबता येणार नाही.

सहरावी आणि मॉरिटानियन समाजात अंगठी घडवतो तो मल्लेम. या शब्दाचा मूळ अर्थ उस्ताद, गुरू. पण तो एका जातीचे नाव झाला आहे. मल्लेम पुरुष लोखंड, चांदी आणि लाकूड घडवतात. त्यांच्या बायका कातडे कमावून पिशव्या, उशा, उंटावरचे सामान बनवतात. बकऱ्याच्या कातड्याचा भाता, लहानशी ऐरण, कोळसा आणि चार हत्यारे एवढाच त्यांचा कारखाना, तंबूबरोबर हलणारा. खोगीर, कुऱ्हाड, कुलूप, चहाचा अडकित्ता, वधूचे वाळे, सगळे त्यांच्याच हातचे. पूर्वी मोबदला पैशात क्वचितच मिळे. ज्या टोळीशी ते जोडलेले असत, ती त्यांना दूध, धान्य आणि कापलेल्या जनावराचा ठरलेला वाटा देई. बलुतेदारी ज्यांच्या घरात मुरली आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या समाजाची उतरंड अशी होती : वर शस्त्रधारी टोळ्या आणि विद्या बाळगणारी धर्मपंडित घराणी. त्यांच्याखाली खंडणी देणारे पशुपालक. मग कारागीर आणि गाणारे. सर्वांत खाली काळ्या वर्णाचे गुलाम आणि गुलामीतून सुटलेले हरातीन. विहिरीचे पाणी शेंदणे, कळप राखणे, दळणे-कांडणे ही कामे गुलामांवर होती. मॉरिटानियाने गुलामी कायद्याने रद्द केली ती १९८१ साली आणि ती फौजदारी गुन्हा ठरवली २००७ साली. वधूच्या अंगावरच्या चांदीचा इतिहास सांगताना, ती चांदी ज्या उंटांच्या मोबदल्यात आली ते उंट राखणाऱ्या हातांचा इतिहास वगळला तर तो खोटा इतिहास होईल.

मल्लेमाला अस्पृश्य मानत नाहीत. तो तंबूत बसतो, चहा पितो, त्याच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. हा भेद लक्षात ठेवला पाहिजे, नाहीतर आपण आपले दुःख दुसऱ्याच्या अंगावर चढवून पाहू. परंतु त्याच्याविषयी जे बोलले जाते ते ऐकण्यासारखे आहे. तो भित्रा आहे, त्याचा शब्द भरवशाचा नाही, त्याचे मूळ परधर्मीय आहे, तो विद्वान झाला तरी त्याच्यात चांगले काही नसते, अशा म्हणी आणि समजुती चालत आल्या आहेत. वास्तविक कुराणात दाऊद पैगंबरांसाठी लोखंड मऊ झाल्याचे आणि त्यांना चिलखते घडवण्याची विद्या मिळाल्याचे सांगितले आहे. ज्या धर्मात पैगंबर स्वतः लोहार आहे आणि गरिबाच्या लग्नाला लोखंडाची अंगठी चालते, त्या धर्माच्या समाजात लोहार नीच ठरतो. धर्मग्रंथ एक सांगतो आणि समाजव्यवस्था दुसरेच करते, हा अनुभव फक्त आपलाच नाही.

यातला कळीचा मुद्दा लग्नाचा आहे. मल्लेमाची मुलगी मल्लेमाच्याच घरात जाते. प्रतिष्ठित घराण्याची मुलगी त्याच्या मुलाला दिली जात नाही. मल्लेमाच्या हातातून अंगठी सुटते आणि त्या मुलीच्या बोटात जाते, पण ती बोटात घालण्याचा अधिकार मल्लेमाच्या मुलाला नसतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतीय जातींवरील निबंधात स्वजातीतच विवाह हे जातीचे मर्म असल्याचे दाखवले. त्यांचे विवेचन भारतापुरते होते. परंतु सहारातल्या ऐरणीपाशी उभे राहून तो निबंध वाचला, तर त्याची धार तेथेही लागते.

हे सर्व जुने झाले असे कोणी म्हणेल, तर त्याने मोहम्मद शेख औल्द मखेतीर याचे प्रकरण आठवावे. मॉरिटानियातील या लोहार जातीच्या तरुणाने २०१३ च्या अखेरीस धर्म आणि कारागिरांची अवहेलना यांवर एक लेख लिहिला. धर्माचा आधार घेऊन आपल्या जातीला खाली ठेवले जाते, हा त्याचा मुद्दा होता. त्याला धर्मद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि डिसेंबर २०१४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने ती दोन वर्षांच्या कैदेवर आणली. ती मुदत केव्हाच भरली होती, तरी तो सुटला जुलै २०१९ मध्ये. जातीविषयी लिहिणाऱ्याला काय भोगावे लागते याचा हिशेब आपल्यालाही ठाऊक आहे.

४

सहरावींनी या उतरंडीला हात घातला तो मुक्तिलढ्याच्या काळात. १८८४ पासून स्पेनने या प्रदेशावर हक्क सांगितला होता. बू क्रा येथे फॉस्फेटचे प्रचंड साठे सापडले आणि शंभर किलोमीटरच्या सरकत्या पट्ट्यावरून ते समुद्राकडे जाऊ लागले. १० मे १९७३ रोजी पोलिसारिओ ही मुक्तिसंघटना स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या बाजूने मत दिले. तरीही महिन्याभरातच स्पेनने माद्रिद करार करून हा प्रदेश मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्या हवाली केला. सैन्य घुसले, पळणाऱ्या कुटुंबांवर विमानांतून बॉम्ब पडले, आणि हजारो लोक अल्जीरियातील तिंदुफजवळच्या ओसाड पठारावर पोचले. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी सहरावी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. भारताने या प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

छावण्यांना हरवलेल्या गावांची नावे मिळाली : अल आयून, स्मारा, दाखला, औसर्द, बूज्दूर. पुरुष आघाडीवर होते. छावण्या बायकांनी उभ्या केल्या आणि चालवल्या : शिधावाटप, शाळा, दवाखाने, सगळे. टोळीची अस्मिता मिरवणे हा राष्ट्राविरुद्ध अपराध ठरवण्यात आला. गुलामी नाकारण्यात आली. लग्नाच्या बाबतीत मेहेर नाममात्र ठेवण्याचे धोरण आले. सगळे निर्वासित, सगळ्यांचा शिधा सारखा, सगळ्यांचे तंबू सारखे. अशा वेळी ज्याच्याजवळ चांदी होती त्याने चांदी दिली, नव्हती त्याने दिली नाही. या वर्षांत स्वस्त लग्नाची कोणालाही लाज वाटली नाही.

का वाटली नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. लोक अचानक साधे झाले होते असे नाही. दिखावा करायला कोणाजवळच काही नव्हते, आणि सर्वांचे मिळून एक स्वप्न होते. स्वस्त अंगठीला प्रतिष्ठा मिळाली ती समतेमुळे.

६ सप्टेंबर १९९१ रोजी युद्धबंदी झाली. सार्वमत घेण्याचे आश्वासन मिळाले, ते आजतागायत पाळले गेलेले नाही. २०२० च्या नोव्हेंबरात ती युद्धबंदीही मोडली. दरम्यान पुरुष घरी परतले होते. स्पेनच्या जुन्या नोकरीचे निवृत्तिवेतन काहींना मिळू लागले, कोणाची मुले स्पेनमध्ये कामाला गेली, छावणीत दुकाने निघाली. पैसा आला, पण सर्वांकडे सारखा आला नाही. त्याबरोबर लग्नाचा खर्च वाढला. भेटींची यादी लांबली, सोने आले, मेहेराचा आकडा घरोघर बोलला जाऊ लागला. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने २०१८ साली छावण्यांतील लोकसंख्या १,७३,६०० मोजली. त्यांतले बहुतेक मदतीवर जगतात. अशा ठिकाणी तरुणांची लग्ने पैशावाचून लांबू लागली. जी चांदीची अंगठी १९८० साली कोणी निरखून पाहिली नसती, तीच आता हलकी दिसू लागली. अंगठी तीच होती, भोवतालची समता गेली होती.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चळवळीने लग्नाची किंमत खाली आणली, पण लग्नाची सीमा तेवढ्या जोराने मोडली नाही. टोळी विचारू नये असे ठरले. तरी मुलगी द्यायची वेळ आली की घराणे आठवायचे ते आठवतेच. खर्च कमी करणे सोपे असते, कारण त्यात सगळ्यांचाच फायदा असतो. सोयरीक मोकळी करण्यात वरच्यांचा अहंकार जातो.

५

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासूनच भटाशिवाय, कमी खर्चात लग्ने लावून दाखवली. पण दागिन्यांचा प्रश्न आपल्यासाठी नुसता खर्चाचा नव्हता. इंदूर भागात बलाई लोकांवर १९२८ साली सवर्णांनी जे निर्बंध लादले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत असे एक कलम होते. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये ते जगापुढे ठेवले. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले ते काय? कोपरापर्यंत भरलेले कथलाचे आणि चांदीचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, घालायचे तर सोन्याचे घाला, नाहीतर काहीच घालू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

म्हणजे जी चांदी सहारातल्या वधूच्या अंगावर मान होती, तीच आपल्या आजीच्या अंगावर शिक्का होती. धातूला स्वतःचा मान नसतो, तो माणसांच्या परस्परसंबंधांतून त्याला मिळतो. माझ्या आईच्या लग्नात तिच्या पायात गिलटाची जोडवी होती. माझा साखरपुडा ठरला तेव्हा अंगठी सोन्याचीच पाहिजे असा हट्ट तिने धरला. मी पतपेढीचे कर्ज काढले आणि दोन वर्षे हप्ते भरले. साधेपणावर वर्गात व्याख्यान देणारा मी, तिच्यापुढे गप्प बसलो. कारण तिचा हट्ट दिखाव्याचा नव्हता. जे तिला घालू दिले गेले नाही, ते तिला सुनेच्या बोटात पाहायचे होते. ज्याला निवड आहे त्याचा साधेपणा आणि ज्याच्यावर तो लादला गेला त्याचा साधेपणा, यांना एकाच तराजूत घालणारी सुधारणा आपल्या कामाची नाही.

तरीही आज आपल्या वस्त्यांत साखरपुड्याला कर्ज निघते, मंडप वाढतो आणि मुलीचा बाप वाकतो, तेव्हा आईचा हट्ट आणि ही चढाओढ यांतला फरक आपण ओळखला पाहिजे. शिक्का पुसण्यासाठी घेतलेले सोने एका पिढीचे असते. पुढच्या पिढीत तेच सोने आपल्यातल्याच गरिबाच्या कपाळावर नवा शिक्का मारते.

६

मग छावणीतल्या त्या तरुणाने कोणती अंगठी घ्यावी? इतिहास त्याच्या बाजूने आहे. चांदीची घ्यावी, कारण ती त्याच्या पूर्वजांची आहे आणि परवडणारीही आहे. पाऊण तोळा भरली तर त्याच्या पंथाच्या जुन्या शास्त्रकारांनाही बोट ठेवायला जागा नाही. आईची तुटकी पाटली असेल तर ती वितळवून घडवावी, वाळवंटात चांदी अशीच पिढ्यान् पिढ्या चालत आली. काय द्यायचे ते मुलीशी आणि तिच्या घरच्यांशी आधीच उघड बोलावे. ज्या समाजात बाई तंबूची मालकीण असते आणि लग्नाच्या करारात स्वतःची अट लिहून घेते, तेथे हे बोलणे अवघड नाही.

आणि अंगठी मल्लेमाकडून घ्यावी. बाजारच्या यंत्रातून निघालेल्या अंगठीपुढे त्याचा धंदा मरत चालला आहे. घासाघीस करून त्याची मजुरी कापणे म्हणजे काटकसर नव्हे. आपली गरिबी दुसऱ्या गरिबाच्या माथी मारणे आहे ते. त्याला पूर्ण दाम द्यावा, आणि लग्नाला त्याला कामासाठी न बोलावता पाहुणा म्हणून बोलवावे.

एवढे केले तरी एक प्रश्न उरतोच. अंगठी घडवणाऱ्याचा मुलगा उद्या ह्याच घरी शब्द मागायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवणार की आत घेणार? ज्या कथेत गरिबाला लोखंडाची अंगठी शोधायला सांगितली गेली, त्या कथेतली अंगठीसुद्धा कोण्या लोहारानेच घडवलेली असणार. त्या लोहाराला सोयरा मानण्याची तयारी नसेल, तर अंगठी सोन्याची असो, चांदीची असो वा लोखंडाची, ती जातीच्या साखळीचाच एक दुवा ठरते. हा प्रश्न तिंदुफच्या छावणीत जसा आहे, तसाच आपल्या वस्तीतही आहे. आपल्यातल्या पोटजातींच्या सोयरिकी आठवून पाहा आणि मगच दुसऱ्यांना उत्तर विचारा.